तोंड आत करून लावलेली गाडी

परभणी ते पालम या रस्त्याबद्दल मला अधूनमधून विचारणा होते, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आता तो रस्ता रुंद झालाय. मी सांगतोय तो प्रवास मात्र मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षीच्या, म्हणजे चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यातला आहे. सहल वगैरे नव्हती. जायचं की नाही हे ठरवायलाच मला आठ दिवस लागले होते.

आईची धाकटी बहीण, सोनामावशी, पालमच्या पुढच्या एका गावात राहायची. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनला परभणीला यायचं होतं. गावाकडच्या एका मास्तरांच्या हाती तिचा निरोप आला: "गौतमला म्हणावं, गाडी घिऊन ये. बसनं मी येत न्हाई."

आईनं निरोप ऐकला. गाडीच का, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात, नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या, तेव्हा मी एका सरकारी खात्यात जीपचा ड्रायव्हर होतो. आई तेव्हा गावीच होती. मी जीप घेऊन तिला आणायला गेलो आणि घाईत गाडी तशीच वस्तीच्या बोळात घातली. आईला बसवून परत निघताना वळवायला जागा नव्हती. पुढच्या घरांवर धूर, खाली चिखल, आणि शंभर पावलांचा तो बोळ मला मागं मागं घेत बाहेर काढायचा होता. गाडी दोनदा बंद पडली. रस्त्याला लागलो तेव्हा आरशात मावशी दिसली, बोचकं काखेत घेऊन पळत येताना. मी थांबलो नाही.

मावशी वाचली. कुणाच्या तरी गोठ्यात दोन दिवस लपून राहिली आणि पुढं त्याच गावात, त्याच जागेवर घर बांधून राहिली. आम्ही सोळा वर्षं तिकडं गेलो नाही आणि तीही आली नाही. निरोप तेवढे जायचे-यायचे.

आता अडचण अशी, की सहा वर्षांपूर्वी मला खात्यानं भांडारात बसवलं होतं. पंधरा वर्षं जीप चालवलेला माणूस, पण सहा वर्षांत स्टेअरिंगला हात नाही. म्हणून मी माझ्या उस्तादांकडे गेलो. उस्मानचाचांनी मला तरुणपणी गाडी शिकवली होती आणि त्यांच्याकडे एक जुनी अँबेसिडर होती. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल टाक, बस. पण आधी मला चालवून दाखव."

धान्याचा मोंढा उघडायच्या आधी, सकाळी सकाळी त्यांनी मला मोंढ्याच्या मैदानात नेलं. अँबेसिडरचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला असतो. माझा हात सारखा जीपच्या सवयीनं खाली गुडघ्याकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडीनं अशा उड्या मारल्या, की चाचा पुढं वाकले आणि त्यांची टोपी मांडीवर पडली. "उस्ताद झालास तू तर," ते म्हणाले, "मलाच नमाज पढायला लावायलास!"

तुम्ही जुने ड्रायव्हर असाल आणि मधे खंड पडला असेल, तर लाज सोडून आधी मैदानात जा, हे माझं अनुभवाचं सांगणं. माणसाला वाटतं हात विसरत नाहीत. हात विसरत नाहीत हे खरं, पण अंतराचा अंदाज जातो. समोरचा ट्रक किती लांब आहे, मागची भिंत किती जवळ आहे, हे पुन्हा नव्यानं शिकावं लागतं. चाचांनी चार पोती उभी करून त्यांच्यामधे गाडी लावायला लावली, वीस-पंचवीस वेळा. दुसऱ्या दिवशी एकही पोतं पडलं नाही.

मग ते म्हणाले, "एक गोष्ट बघायलोय मी. दरवेळी तू गाडी फिरवून, रिव्हर्समधीच लावायलास. तोंड कायम बाहेर. किल्ली पण काढीना झालास."

"सवय आहे, चाचा."

"एकदा तोंड आत घालून लाव बरं."

मी गाडी पोत्यांच्या समोर नेली आणि ब्रेक दाबून तसाच बसलो. अठ्ठ्याहत्तरनंतर मी एकदाही गाडी तोंड आत करून लावली नव्हती. ऑफिसात नाही, दवाखान्यात नाही, लग्नाच्या मांडवापुढंसुद्धा नाही. लोक म्हणायचे, ड्रायव्हर शिस्तीचा आहे. चाचांना मी तो बोळ सांगितला. आरशातली मावशी नाही सांगितली.

चाचांनी बिडी पेटवली. म्हणाले, "अठ्ठेचाळीसला, पोलीस ॲक्शनच्या टायमाला मी बारा वर्षांचा होतो. आमच्या बापानं पळायला बैलगाडी जुंपूनच ठेवली होती, सामान भरून. पंधरा दिवस. बैलांचे खांदे सोलून निघाले. मग एक दिवस बापच म्हणाला, सोडा रे बैलं, किती दिवस जुंपून ठेवायची."

"मग?"

"मग काय? राह्यलो की इथंच."

तरी त्या दिवशी माझ्याच्यानं ते झालं नाही. चाचांनीही पुन्हा आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई आणि मी निघालो. तेव्हाचा रस्ता एकेरी डांबराचा. समोरून ट्रक आला की आपलं डावं चाक खाली मातीत उतरवायचं, आणि डांबराची कड टायर कापते म्हणून ते दमानं उतरवायचं. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं आणि बांधाला कडब्याच्या गंजी. गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल लागतो. नदीत पाणी कमी, वाळूच जास्त होती. आईनं काचेतूनच हात जोडले. गंगाखेडला आम्ही गरम भजी आणि चहा घेतला. तिथून पालमकडे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर एक तर अंधार फिटायच्या आधी निघा किंवा नऊनंतर. पालमच्या स्टँडसमोर रसवंतीवर थांबलो, तर आईनं रसाचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

"गौतमा," ती म्हणाली, "तिनं काही विचारलं तर तू बोलू नकोस. मी बोलते."

मी रसाचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसलो.

गावात शिरलो. बोळ तोच होता, फक्त आता खाली फरशी टाकलेली. तोंडाशीच थोडी मोकळी जागा होती. तिथं मी गाडी फिरवली आणि तो शंभर पावलांचा बोळ मागं मागं जात मावशीच्या दारापर्यंत गेलो. कुठंही न घासता. चाचा असते तर खूश झाले असते.

मावशी दारातच उभी होती. वाळली होती. गाडीला हात लावत, चाचपत ती डिकीपासून पुढं आली. दरवाजा, मडगार्ड, मग पुढचा दिवा. दिव्याच्या काचेवर तिचा हात थांबला.

"तोंड रस्त्याकडंच हाय," ती म्हणाली. "लगीच जायचंय का रे?"

आई काहीतरी बोलायला लागली. मी परत गाडीत बसलो. बोळाबाहेर गेलो, गाडी वळवली आणि तोंड आत करून सरळ मावशीच्या दारापुढं आणून लावली. किल्ली काढली आणि आत जाऊन खुंटीला अडकवली.

मावशीनं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा केला होता. पाटावर बसलो, पण घास उचलेना.

"मावशी, त्या दिवशी मी थांबलो नाही."

"आरशात दिसले आसंल की मी."

"दिसलीस."

आईनं पदर तोंडाला लावला. मावशीनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली.

"खरं बोललास," ती म्हणाली. "सोळा वरसं तुझी माय निरोप धाडायलीय, त्याला दिसलीच न्हाईस म्हणून. मला लय राग यायचा. तुझा न्हाई, हिचा." मग माझ्या ताटात भाकरी टाकली. "जेव आता. गार व्हायलीय."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. रात्री तिथंच राहिलो.

सकाळी मावशी मागच्या सीटवर बसली, आईशेजारी. आता बोळातून रिव्हर्सच घ्यायची होती, त्या दिवशीसारखी. मागं बघतो तर बोळाच्या तोंडाशी एक बैलगाडी उभी. गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ती बाजूला ओढून घेतली आणि हात करून म्हणाला, "येऊ द्या. दमानं येऊ द्या. मी हाय मागं."

अठ्ठ्याहत्तर साली हा कुठं होता, कुणाच्या बाजूला होता, मला माहीत नाही. त्याच्या हाताकडे बघत मी गाडी मागं घेतली. एकदाही बंद पडली नाही. आरशात मावशी होती, या वेळी गाडीच्या आत.

ऑपरेशन चांगलं झालं. मावशी आमच्याकडे दोन महिने राहिली आणि पट्टी निघाल्यावर बसनं एकटीच परत गेली. चाचांना गाडी परत दिली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लावली?" मी म्हणालो, "लावली."

मावशी वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझ्याकडे स्वतःची छोटी गाडी आहे. खोटं कशाला सांगू, अनोळखी गावात आजही मी गाडी फिरवूनच लावतो, तोंड रस्त्याकडे. ते काही जात नाही. पण कुणाच्या दारात पाहुणा म्हणून गेलो, की मी गाडी सरळ आत घेतो, इंजिन बंद करतो आणि किल्ली काढून घरच्यांच्या हातात देतो. त्यांना वाटतं, म्हातारा विसराळू झालाय, किल्ली हरवेल म्हणून देतोय.