फुलंब्रीत ब्रेक फेल

“मॅडम, गाडीत पॅसेंजर किती बसलेत?” आबांनी विचारलं. नजर स्क्रीनवर, कपाळावर घाम.

मला बोलायची परवानगी नव्हती. व्हिडिओ गेम घरात खेळायला योग्य आहे का, ते सांगणं हे माझं काम. छत्रपती संभाजीनगरात आमचं छोटंसं ऑफिस आहे. खेळण्यांचे दुकानदार आमचा रिपोर्ट बघून माल ठेवतात. पद्धत सोपी. तीन पिढ्यांचं एक घर गाठायचं, त्यांच्या हातात गेम द्यायचा आणि तासभर कोपऱ्यात पालीसारखं गप्प बसायचं. याला आम्ही फॅमिली टेस्ट म्हणतो. फॉर्मवर चार रकाने: हिंसा, भीती, भाषा, भांडण. चारही कोरे राहिले तर ‘सर्व वयोगटांसाठी’ असा हिरवा शिक्का. एकात जरी टिक पडली तरी ‘बारा वर्षांपुढील’. आणि तसला माल खेळण्यांच्या दुकानात कुणी ठेवत नाही.

हा गेम अश्विनीचा. बिडकीनच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून तिनं दोन वर्षं खपून हे हातात मावणारं यंत्र बनवलं होतं. हायवेवर गाडी पळवायची, एवढाच खेळ. धडक बसली तर गाडी गरकन फिरते आणि पुन्हा पळते. एका मोठ्या दुकानदारानं तिला सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत हिरवा शिक्का आण, ऑर्डर तुझी. यंत्र एकच तयार होतं. “मॅडम, जपून हं. माझा सगळा जीव आहे यात,” असं म्हणत तिनं ते मला दिलं.

टेस्टला घर मिळालं फुलंब्रीचं. आबा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. शिवाय आजी, सून सविता, नऊ वर्षांची श्रावणी आणि सहा वर्षांची परी. मी यंत्र श्रावणीच्या हातात दिलं आणि आजी कडाडल्या, “थांब गं! नवी गाडी हाय. पूजा नाय करायची व्हय?”

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. पण आमचा नियम! कुटुंबाच्या सवयींत ढवळाढवळ करायची नाही. आजींनी यंत्राच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मग लिंबू आणलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

“चाक कुठं हाय याला?”

“आत आहे, स्क्रीनमध्ये,” श्रावणी म्हणाली.

“मग आख्खी गाडीच ठेवती.” आजींनी यंत्र पालथं करून लिंबावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. लिंबू फुटलं. रस बटणांच्या फटीत गेला. मी डोळे मिटून घेतले.

वेग वाढवायचं रेसचं बटण आत गेलं ते वर येईचना. गेम सुरू झाला आणि गाडी जी सुटली ती सुटलीच. श्रावणी ब्रेक दाबून दाबून थकली. परी किंचाळली, “आबा, थांबंना ही!”

आबांनी यंत्र हिसकावून घेतलं. “ब्रेक फेल झालाय. सगळे मागं सरका!”

आणि बाई गं, सगळे खरोखर मागं सरकले. मीसुद्धा.

“आबा, बंद करा की. बाजूला बटण आहे,” सविता म्हणाली.

“पॅसेंजर हायेत आत! म्हणं बंद करा!” मग त्यांनी मला तो पॅसेंजरचा प्रश्न टाकला.

शेवटी मी नियम मोडला. “एकही नाही हो, आबा.”

“ड्रायव्हर तर हाय ना!”

पुढची वीस मिनिटं आबांनी ती गाडी हाकली. शेळ्या वाचवल्या, हातगाडी वाचवली, वळणावर स्वतः इतके कलले की सविताला त्यांचा खांदा धरावा लागला. “बाजूला व्हा रे मुडद्यांनो!” आजी स्क्रीनमधल्या लोकांना दरडावत होत्या. परी आईच्या कुशीत भोकाड पसरून रडत होती, पण एक डोळा स्क्रीनवर. मी ‘भीती’समोर टिक केली.

मग रस्त्याकडेला कापसाचा ढीग दिसला. आबांनी गाडी थेट त्यात घातली. चाकं फिरत राहिली, गाडी रुतली. “उतरा आता,” आबा म्हणाले. आजींनी मीठमोहऱ्या आणून त्यांची दृष्ट काढली. आणि परी, डोळे पुसत, “आबा, परत!”

मी अश्विनीला फोन लावला.

“भीती? माझ्या गेममध्ये?”

“पोरगी रडली.”

“लिंबामुळं रडली, मॅडम!”

“फॉर्ममध्ये लिंबाचा रकाना नाही.”

ती फोनवरच रडायला लागली. मलाही वाईट वाटलं. आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, “यंत्र दुरुस्त करून पुन्हा टेस्ट घ्या. पूजा एकदा झाली, आता नाही होणार.”

गुरुवारी अश्विनी स्वतः सोबत आली. बटणं साफ, सगळं सुरळीत. आबांनी गाडी हाकली, ब्रेक दाबला, गाडी शहाण्यासारखी थांबली.

“लागतोय की आता ब्रेक,” आबा म्हणाले आणि यंत्र सतरंजीवर ठेवून दिलं. श्रावणीनं दोन फेऱ्या मारल्या. परी अंगणात पळाली. पंधरा मिनिटांत आजी विचारायला लागल्या, चहा टाकू का. चारही रकाने कोरे. मी तिथंच हिरवा शिक्का मारला.

“अभिनंदन,” मी म्हणाले. अश्विनी सतरंजीवरच्या यंत्राकडं बघत बसली होती.

“मॅडम, कुणी हातसुद्धा लावंना.”

“गेम आवडला का, हे आपला फॉर्म विचारत नाही, बाळा.”

शुक्रवारी सकाळी ती ऑफिसात आली. शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला. “हा रद्द करा. मी ब्रेक फेल मुद्दाम ठेवणार आहे.”

“वेड लागलं का? ऑर्डर जाईल!” सर ओरडले.

“जाऊ द्या. माझा गेम सतरंजीवर पडून राहावा म्हणून मी दोन वर्षं नाही घालवली.”

ऑर्डर गेली. गेम आता ‘बारा वर्षांपुढील’ म्हणून मोबाइलच्या दुकानांत मिळतो, आणि बरा खपतो म्हणे. मी इतकी वर्षं हिरवे शिक्के मारत आले, पण त्याचा अर्थ एवढाच की हा गेम कुणाचं वाईट करणार नाही. आवडेल, असं मी कुठंच लिहून देत नाही.

अश्विनीनं पहिलं यंत्र आबांना दिलं. परीला मात्र अजून सहा वर्षं थांबायचंय, आणि आबा नियमाचे पक्के. ते खेळायला बसले की तिला फक्त मागं बसू देतात, पॅसेंजर म्हणून.