खाली ठेवलेला प्याला

सभागृहाच्या घुमटाखाली मुतलकची खुर्ची शेवटच्या रांगेत होती, अगदी दाराला लागून. दार उघडलं की वारा थेट मानेवर यायचा, म्हणून ती कुणालाच नको होती. मुतलकला मात्र मनापासून आवडली. बावीस वर्षं पाण्याचा टँकर चालवलेला माणूस तो. मागे भिंत आणि बाजूला मोकळी वाट असली की त्याला हायसं वाटायचं. एकच खंत होती. सेवक कॉफीची किटली घेऊन फिरायचा तो तिसऱ्या रांगेपर्यंत, आणि तिथून माघारी वळायचा. दोन वर्षांत शेवटच्या रांगेत कॉफीचा थेंब आला नव्हता.

तो निवडून आला तोही गमतीनंच. त्याच्या कबिल्यात दोन बडे इरेला पेटले, एकमेकांची मतं खात बसले, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. पण नुसत्या नशिबावर सगळं ढकलणं खरं नव्हे. बावीस वर्षं ज्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरल्या, त्यांनी मतं दिली. कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कुणाची टाकी गळते, कुणाला आज पैसे मागायचे नाहीत, हे त्याला तोंडपाठ होतं. राजधानीतल्या एका वर्तमानपत्रानं ‘टँकरवाला आमदार’ असा मथळा दिला, तेव्हा त्यानं कात्रण कापून भिंतीला चिकटवलं. टँकरवाला होताच तो. त्यात लाजायचं काय?

बोलायची त्याची रीतही टँकरवाल्याचीच. बाकीचे सदस्य दहा-दहा मिनिटं भाषणं ठोकत, मध्ये एखादा शेर पेरत, शेवटी राष्ट्राचं भलं चिंतून खाली बसत. लांब भाषणाला लांब उत्तर देणं मंत्र्यांच्या डाव्या हातचा मळ असतो. मुतलक उठायचा, एक आकडा विचारायचा आणि बसायचा. डोंगरातल्या एका दवाखान्याची रुग्णवाहिका ‘कार्यरत’ असल्याचं उत्तर आलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं होतं, की तिच्यात शेवटची बॅटरी कुठल्या महिन्यात घातली. मंत्र्यांनी मागे सचिवाकडे पाहिलं, सचिवानं फायलीकडे पाहिलं. सोळा दिवसांनी बॅटरी आली. असे एकसष्ट प्रश्न त्यानं शाळकरी वहीत लिहून ठेवले होते, आणि बासष्टावा होता शाळांचा.

शिक्षण खात्यानं धोरण काढलं. ज्या शाळेचा पट साठाच्या आत, तिचे सातवीपासूनचे वर्ग बंद, आणि मुलं दहा किलोमीटरच्या आतल्या मोठ्या शाळेत. कागदावर झकास. मुतलकच्या दक्षिणेकडच्या ऐन-लौज गावात सहावीत अकरा मुली होत्या, आणि मोठी शाळा नऊ किलोमीटरवर दाखवली होती. नऊ? मुतलक ते वाचून हसलाच. त्या रस्त्यावर त्यानं तीन टँकर झिजवले होते. मध्ये खोल दरी, तिला वळसा घालून जाणारा घाट, सगळं मिळून सत्तावीस किलोमीटर. खात्यानं नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं होतं.

हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण याच सत्तावीस किलोमीटरवर त्याचं स्वतःचं एक पाप पडून होतं. त्याला मुलगा नव्हता. थोरल्या मुलीच्या नावानं लोक त्याला अबू-नौफ म्हणत, म्हणजे नौफचा बाप. ही नौफ सहावीत पहिली आली तेव्हा गावात सातवी नव्हती. मुतलक रोज सकाळी रिकामा टँकर घेऊन त्याच मोठ्या शाळेच्या गावाला पाणी भरायला जायचा. पोरीला शेजारी बसवून शाळेच्या दारात सोडणं त्याला सहज जमलं असतं. पण टँकरच्या केबिनमध्ये बारा वर्षांची मुलगी, लोक काय म्हणतील? त्यानं नेलं नाही. नौफ रडली नाही, भांडली नाही, दप्तर खुंटीला अडकवून चुलीशी बसली. ज्या पोरीचं नाव तो मिरवत होता तिचीच शाळा त्यानं मोडली होती, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे बारा वर्षांनी त्यानंच हेलपाटे घालून गावात सातवी आणली. आता नौफची मुलगी आबीर सहावीत होती, त्या अकराजणींतली एक.

प्रश्न दाखल झाला. लेखी उत्तर आलं: ‘बाब तपासून पाहण्यात येईल.’ मुतलकनं समाधान झालं नसल्याचं कळवलं, तेव्हा प्रश्न सोमवारच्या जाहीर बैठकीत लागला, दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसमोर. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, ऐन-लौजच्या चढावर तीन काळ्या गाड्या आल्या.

शिक्षणमंत्री डॉक्टर ऐहम स्वतः आले होते. माणूस शहरातला, परदेशात शिकलेला, बोलायला गोड. पण सल्लागार त्यांनी पक्के ठेवले होते. सोबत शेजारच्या कबिल्यातले वयोवृद्ध हाज धीब यांना आणलं होतं, ज्यांचा शब्द दहा गावांत कुणी खाली पडू देत नसे. सगळे गादीवर टेकले. मुतलकनं इलायचीची कडू कॉफी ओतून पहिला प्याला मंत्र्यांच्या हातात दिला. मंत्र्यांनी तो ओठाला लावलाच नाही. हळूच खाली, सतरंजीवर ठेवला.

खोलीतल्या प्रत्येकाला अर्थ कळला. पाहुण्यानं प्याला खाली ठेवला म्हणजे तो काही मागायला आला आहे, आणि मागणं पुरं झाल्याशिवाय त्या घरची कॉफी पिणार नाही. खून माफ झाले आहेत अशा प्याल्यांवर. यजमानानं ‘कॉफी प्या’ म्हटलं की संपलं, जे मागितलं ते दिलं. आणि नाही म्हटलं, तर त्या घराची अब्रू वेशीवर.

“अबू-नौफ,” मंत्री म्हणाले, “सोमवारचा तो प्रश्न मागे घ्या. तेवढंच मागायला आलोय. आणि तुमच्या नातीची काळजी सोडा. राजधानीत उत्तम शाळा आहे, वसतिगृह आहे. माझी मुलगी समजून ठेवीन.”

मुतलकचा हात किटलीवर तसाच राहिला. आतल्या दाराचा पडदा हलला. तिकडे नौफ होती. आबीर, वसतिगृह, स्वच्छ गणवेश, सगळं क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल.

“अबू-कैस,” मंत्र्यांना त्यांच्या मुलाच्या नावानं हाक मारत तो सावकाश म्हणाला, “माझी गाडी मागा. खाली दोनशे बकऱ्या आहेत, त्या मागा. पण हा प्रश्न माझा नाही. अकरा घरांनी माझ्याकडे ठेवलाय तो. हाज, तुम्हीच सांगा, दुसऱ्याची ठेव पाहुण्याला देता येते का?”

हाज धीबनी दाढीवरून हात फिरवला. मंत्र्यांकडे न बघता म्हणाले, “ठेव देता येत नाही. पण अबू-नौफ, पाहुण्याला रिकाम्या हातानंही पाठवता येत नाही. तुझं स्वतःचं असेल ते दे.”

मुतलकनं विचार केला. स्वतःचं असं त्याच्याजवळ काय होतं? जीभ होती. “बरं तर,” तो म्हणाला. “घुमटाखाली या माणसाविरुद्ध माझ्या तोंडून एकही कडू शब्द निघणार नाही. कॉफी प्या, अबू-कैस.”

मंत्र्यांनी कॉफी घेतली आणि मग मनसफही, म्हणजे दह्यात शिजवलेलं मटण आणि भात, यथेच्छ जेवले. जाताना ते खुशीत होते. ज्याला कडू बोलताच येत नाही अशा सदस्याला ते कशाला घाबरतील?

गाड्या उतरणीला लागल्या तशी नौफ ताटं उचलायला बाहेर आली. “बाबा, प्रश्न ठेवलात, पण दात देऊन बसलात.”

“आबीरला राजधानीत पाठवायचं होतं का तुला? खरं सांग.”

नौफ हाडं गोळा करत राहिली. “होतं,” ती म्हणाली. “पण उरलेल्या दहाजणींच्या आयांना विहिरीवर तोंड कसं दाखवलं असतं मी?”

सोमवारी घुमटाखाली गर्दी होती. दक्षिणेकडच्या सदस्यांपर्यंत शुक्रवारची बातमी पोचलीच होती, आणि मुतलक आता नखं काढलेल्या मांजरासारखा दिसणार म्हणून काहीजण मुद्दाम आले होते. पुढच्या रांगेतला एकजण वळून म्हणाला, “काय टँकरवाले, आज गोडं पाणी ना?” मुतलक हसला. घाबरलेला नव्हता तो. काय बोलायचं नाही हे ठरलेलं होतं, त्यामुळं काय बोलायचं ते उलट सोपं झालं होतं.

त्याचा क्रमांक आला. मंत्री उठले. आणि मोठेपणा दाखवायच्या नादात त्यांनी एक गोष्ट केली. आपण आणि हा सदस्य कसे एका ताटात जेवलेले, हे कॅमेऱ्याला दिसावं म्हणून त्यांनी सेवकाला खूण केली, स्वतःच्या टेबलावरच्या किटलीतून एक प्याला भरवला आणि म्हणाले, “आमच्या अबू-नौफना द्या. परवाच त्यांची कॉफी पिऊन आलोय.”

दोन वर्षांत पहिल्यांदा कॉफी तिसऱ्या रांगेच्या मागे गेली. सेवक पायऱ्या चढत शेवटच्या बाकाशी आला. मुतलकनं दोन्ही हातांनी अदबीनं प्याला घेतला, त्याकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या फळीवर ठेवून दिला.

दक्षिणेकडचे सगळे सदस्य खुर्चीत पुढे सरकले. मंत्र्यांच्याही ध्यानात आलं, कारण हा धडा त्यांनी तीनच दिवसांपूर्वी स्वतः गिरवला होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याला आता काही काम उरलं नव्हतं.

“मंत्रीमहोदय,” मुतलक म्हणाला, “आपल्या कॉफीचा मान मोठा आहे. माझं मागणं एवढंच, शाळेचं अंतर मुलीच्या पायांनी मोजा. रस्त्यानं. पट्टी उचला. आणि तसं मोजून होईपर्यंत एकही वर्ग बंद करू नका. माझ्याच गावचा नव्हे, कुठलाच.”

मंत्र्यांनी कागद उचलला. खातं या बाबीचा सर्वंकष अभ्यास करत आहे, असं ते वाचू लागले. मुतलक उभाच होता. रागावला नाही, टोमणा मारला नाही. समिती नेमली जाईल, असं मंत्री म्हणाले. प्याल्यातून वाफ येत होती. यथावकाश योग्य तो निर्णय, असं ते म्हणाले, तेव्हा वाळवंटाकडच्या मतदारसंघातला एक म्हातारा सदस्य जागेवरूनच बोलला, “अध्यक्षमहोदय, माणसाची कॉफी निवतेय.”

कुणीतरी हसलं, बाकी सगळे गंभीर होते. कॅमेरा त्या प्याल्यावर गेला होता. गावोगावच्या बैठकीच्या खोल्यांत, हाज धीबच्या घरीसुद्धा, लोक तो प्याला बघत असणार. मंत्र्यांना हे दिसत होतं. समितीचा अहवाल फिरवता येतो, आश्वासन विसरता येतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, याची तर जगाला सवय आहे. पण आपल्या हातचा प्याला न पिता तसाच निवला, तर त्या माणसाला पुन्हा दक्षिणेत कुणी गादीवर बसवत नाही.

मंत्र्यांनी कागद खाली ठेवला. घसा साफ केला.

“अबू-नौफ, तुमची कॉफी प्या.”

मुतलकनं प्याला उचलला आणि उभ्याउभ्याच रिकामा केला. टाळ्या पडायच्या आधीच अध्यक्षांच्या खालच्या टेबलावरून लेखनिकाची मान वर झाली. पस्तीस वर्षं तो सभागृहाचं बोलणं लिहून घेत होता. त्यानं विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं की शिष्टाचार म्हणून सोडायचं? अध्यक्ष स्वतः उत्तरेकडचे, कायद्याचे पदवीधर. पण त्यांचीही आजी तंबूत जन्मलेली होती.

“शब्दशः लिहा,” ते म्हणाले. “मंत्र्यांचं आश्वासन म्हणून लिहा.”

तीन आठवड्यांनी अधिसूचना निघाली: अंतर रस्त्यानं मोजावं, तोवर सर्व वर्ग चालू राहावेत. मुतलकनं त्या दिवसाच्या इतिवृत्ताची आणि अधिसूचनेची शिक्का मारलेली नक्कल काढली, ती घेऊन तो घरी आला आणि नौफपुढे ठेवली. तो स्वतःही वाचू शकला असता. पण म्हणाला, चष्मा गाडीत राहिलाय, तूच वाच.

नौफनं हात ओढणीला पुसले आणि बोट ओळीखाली धरून मोठ्यानं वाचायला लागली. मंत्रीमहोदय: अबू-नौफ, तुमची कॉफी प्या. कंसात, सन्माननीय सदस्यांनी कॉफी प्यायली. ती खुदकन हसली. आबीर शेजारी बसून ऐकत होती. पान उलटलं आणि दुसऱ्या कागदाच्या मथळ्यावरच नौफचं बोट अडलं.

“अ-धि... बाबा, हा शब्द काय आहे?”

मुतलकला शब्द माहीत होता. पण तो एवढंच म्हणाला, “सातवीच्या पुस्तकात असतो तो.”

नौफनं वर पाहिलं नाही. बोट त्या शब्दावरून पुढे सरकवलं.

“असू दे,” ती म्हणाली. “सप्टेंबरात सातवी सुरू झाली की आबीरला विचारीन.”