सळईला लावलेला कान

अंकुश मिस्त्री गेला हे मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं, आणि तेही भाव चालू असताना. जळोचीच्या रस्त्याला माझं जुन्या गाड्यांचं आवार आहे. तिथं एका डिझेल जीपवरून आम्ही दोघं अडून बसलो होतो. गिऱ्हाईक निमगाव केतकीचं. बोलता बोलता ते म्हणालं, "गाडी कुणाला दाखवून घ्यावी म्हणलं, तर आता अंकुश मिस्त्री बी ऱ्हायला न्हाय. परवाच गेला. कावीळ." मी म्हणालो, "मग मी सांगतो तेच खरं धरा," आणि सौदा माझ्या भावात मिटवला. गिऱ्हाईक जीप घेऊन गेल्यावर मी तांब्याभर पाणी प्यायलो. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याच्या जलदान विधीलाही गेलो नाही. राग धरला की तो सोडायची मला सवय नाही, आणि हा राग तर मला अगदी रास्त वाटत होता.

आमची ओळख एका बेल्टवरून झाली. ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात करून मी नुकतीच पहिली स्वतःची डिझेल गाडी घेतली होती, आणि ती चार महिन्यांत तीन बेल्ट खाऊन बसली होती. बारामतीतले मिस्त्री नवा बेल्ट चढवायचे आणि हात पुसायचे. कुणीतरी निमगावच्या अंकुशचं नाव सांगितलं. इंदापूर रस्त्याला लिंबाखाली पत्र्याची शेड, आत माणूस किडकिडीत, बोलायला कंजूष. "बेल्ट बदल," मी गाडीतून उतरत म्हणालो. "बेल्टनं काय घोडं मारलंय तुमचं?" त्यानं विचारलं. इंजिन चालू ठेवायला सांगून त्यानं मगातून चार थेंब पाणी बेल्टवर शिंपडलं. आवाज होता तसाच राहिला. "बेल्ट वरडत असता तर पाणी लागल्यावर घटकाभर गप बसला असता. ह्यो आवाज पुलीतला हाय." बेल्ट ताणून धरणारी एक छोटी पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. तिच्या आतलं बेअरिंग झिजलं की ती तिरकी फिरते आणि बेल्टची कड कुरतडत राहते. त्यानं बोट दाखवलं, तिथं काळ्या रबराचा भुगा साचलेला होता. बेल्ट बदलणाऱ्या तिघांपैकी एकालाही तो दिसला नव्हता.

पण पाना लावायच्या आधी त्याची एक अट असायची. त्याच्याकडं हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती, एका टोकाला लाकडाची मूठ, कान लावून लावून गुळगुळीत झालेली. सळईचं टोक चालत्या इंजिनात पुलीच्या बोल्टला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. ज्याची गाडी, त्यानं आधी ऐकायचं. "तुमी ऐकल्याबिगर मी हात लावत न्हाय, बापू. मी सांगितलेलं तुमी इसरशिला. कानानं ऐकलेलं इसरणार न्हाय." मला असल्या नाटकांचा वैताग. मी म्हणालो, "दुरुस्तीचे पैसे देतोय, भजन ऐकायला आलो नाही." तो दगडावर जाऊन बसला. शेवटी मी सळई कानाला टेकवल्यासारखी केली, मान हलवली आणि "ऐकलं" म्हणून टाकलं. पुढं सहा-सात वर्षं त्यानं माझ्या पंचवीसएक गाड्या पाहिल्या असतील. दर वेळी मी तसंच केलं. एकदाही खरं ऐकलं नाही. त्याला ते कळत होतं असं आज वाटतं.

धोका कसला असतो ते त्यानंच मला समजावलं होतं. या डिझेल गाड्यांत बॅटरी भरणारा अल्टरनेटर त्या बेल्टवर फिरतो आणि ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप त्याच्याच पाठीला बसवलेला असतो. पुली जाम झाली की बेल्ट तुटतो, आणि दोन-तीन वेळा दाबला की ब्रेकचा पेडल दगड होतो. "इंजिन बंद पडत न्हाय, म्हणून माणसाला कळत न्हाय," तो म्हणायचा. "गाडी पळतच ऱ्हाती. थांबवाया गेल्यावर कळतं." भिगवणकडं रस्ता उजनीच्या पाण्याच्या कडेनं जातो, तिथं तो हे बोलला होता. मी गाडी चालवत होतो आणि माझा पाय उगाचच ब्रेकवर गेला होता.

आता माझी तक्रार सांगतो. इंदापूरच्या एका गुरुजींना मी पांढरी डिझेल गाडी विकायला काढली होती. अंकुशनं ती पाहून टेन्शनरची पुली बदलायलाच पाहिजे म्हणून सांगितलं. पुली पुण्याहून यायची, चार दिवस लागणार होते, आणि गुरुजी दुसऱ्या दिवशीच येणार होते. आमच्या धंद्यात यावर एक उपाय आहे. जनावरांना टोचायच्या सुईनं बेअरिंगच्या झाकणाखाली थोडं ऑइल सोडायचं. आवाज गप. पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. मी सुई लावली. गुरुजींनी बॉनेटजवळ उभं राहून "इंजिन किती शांत आहे," अशी तारीफ केली आणि गाडी नेली.

पुढच्या आठवड्यात शेडपुढं चहा पिताना मी हे अंकुशला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. "किती दिस झालं?" "आठ." त्यानं अर्धा चहा तसाच खाली ठेवला, खांद्यावर पिशवी टाकली आणि रस्त्यावर जाऊन इंदापूरची एसटी धरली. मला वाटलं, कुणाचं काहीतरी काम आठवलं असेल. चार दिवसांनी गुरुजी माझ्या आवारात आले. माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत गुरुजी म्हणाले, "मिस्त्री घर शोधत आला म्हणून आम्ही वाचलो. पुली सोडवली तर हातातच सुटी झाली. दुसऱ्या दिवशी मी मुलीला सासरी सोडायला निघणार होतो." दोन्ही गिऱ्हाइकं उठून गेली, आणि इंदापुरात माझं नाव खराब झालं ते झालंच.

मी तसाच निमगावला गेलो आणि भर रस्त्यात त्याला नाही नाही ते बोललो. "मला आधी सांगता येत नव्हतं? मीच गाडी परत बोलावली असती! माझ्या पाठीमागं माझ्या गिऱ्हाइकाकडं गेलास!" तो पुलीवरचं ग्रीस पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी भाव केला असता, बापू. चार दिस भाव केला असता. त्या पुलीत चार दिस ऱ्हायलं न्हवतं." त्यानंतर मी त्या शेडची पायरी चढलो नाही. खोटं बोलला असता तर मी विसरलो असतो.

आमची शेवटची भेट झाली ती त्याच्या जाण्याआधी दीडेक महिना. तिला भेट म्हणायची तर. निमगावचा बाजार होता, गर्दीतून मी घरची गाडी हळूहळू काढत होतो. शेजारी बायको. आम्ही इंदापूरला लग्नाला निघालो होतो. हातात भाजीची पिशवी घेऊन अंकुश पाठमोरा चालला होता. गाडी जवळ आली तसा तो थबकला, वळला. मला बघून नव्हे, आवाजानं वळला. डोळे पिवळट दिसले. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. "बापू, ही गाडी लांब नेऊ नका. एकदा ऐका." मी काच वर केली आणि निघालो. आरशात तो दिसत राहिला, रस्त्याच्या मधोमध, लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होते. बायको म्हणाली, "काय म्हणत होते ते?" मी म्हणालो, "काही नाही."

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, का ते मलाही सांगता येणार नाही, मी त्या शेडपुढं घरची तीच गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, दोन मिनिटांत परतायचं म्हणून. त्याची बायको सुमनवहिनी बाहेर आल्या. भिंतीवर तारेत ओवलेल्या जुन्या पुल्या होत्या, प्रत्येकीला पत्र्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर मालकाचं नाव कोरलेलं. वहिनींनी एक काढून माझ्या हातात दिली, "गुरुजींच्या गाडीतली," म्हणाल्या. तुकड्यावर गुरुजींचं नाव नव्हतं. माझं होतं. "ते म्हणायचं, बापू येत्याल, तवा ही द्यायची." मी ती बोटानं फिरवली. ती अर्धी फिरली, खरखरली, अडकली. आतून बेअरिंगचे दोन छर्रे तळहातावर पडले... त्यांना अजून माझ्या ऑइलचा वास होता.

वहिनींनी रस्त्याकडं मान वळवली. "तुमची गाडी चालू हाय न्हवं? ती बरी वाजत न्हाय." आणि कोपऱ्यातली सळई आणून दिली. मी बॉनेट उघडलं, टोक बोल्टला टेकवलं, मूठ कानामागं धरली. या वेळी खरोखर धरली. झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज होता. मधेच तो थांबायचा, आणि थांबला की जास्त भीती वाटायची. दोन महिने मी बायकोला शेजारी बसवून ही गाडी भिगवणपर्यंत पळवत होतो. मी चावी काढली आणि गाडी तिथंच लिंबाखाली सोडली.

सळई हातात घेऊन मी जीपवाल्या गिऱ्हाइकाचं घर विचारत गेलो; ती जीप मी न ऐकताच विकली होती. मला दारात बघून तो म्हणाला, "काय बापू, भाव वाढवाया आला व्हय?" मी म्हणालो, "इंजिन चालू करा." जीपच्या पुलीचा आवाज स्वच्छ होता. मी एसटीनं बारामतीला परतलो.

ती सळई आता माझ्या बैठकीमागं खिळ्याला टांगलेली असते. गाडी विकायच्या आधी मी ऐकतो. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र अजून दिलेली नाही, ते मला जमत नाही. त्यानं मला आधी सांगायला हवं होतं, हेही मी अजून म्हणतो. पण आवारासमोरून इंदापूरकडं एखादी जुनी डिझेल गाडी गेली की बोलता बोलता मी थांबतो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहतो. इतक्या वर्षांत सुई मी किती गाड्यांना लावली, ते मला आठवत नाही.