गळ्याशी ठेवलेली हवा

रिकाम्या गडूवर टिचकी मारली तर आवाज लांबवर जातो. भरलेल्या गडूचा आवाज लगेच आत परत येतो, जणू दारातूनच मागे फिरला. काशीतल्या दुर्गाघाटावरच्या बिंदुमाधव पौराणिकांनी जन्मभर हे दोन आवाज ऐकले. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत घरी नेतात आणि देवघरात ठेवतात. शेवटच्या वेळी माणसाच्या तोंडात घालण्यासाठी. असा गडू भरायचा, झाकण बसवायचं आणि कथलाचा डाग देऊन तो कायमचा बंद करायचा, हे पौराणिकांच्या घरचं काम. आधी वडिलांचं, मग त्यांचं.

पाणी राजा घाटावरून आणायचं. गडू भरायचा, पण काठोकाठ नाही. ओल्या धातूवर कथील धरत नाही, म्हणून गळ्याशी थोडी हवा ठेवायची. मग सांध्यावर नवसागर लावायचा. तो दिसायला मिठाच्या खड्यासारखा. तापलेलं लोखंड टेकलं की त्याचा पांढरा धूर होतो, तांब्यावरचा काळपटपणा तो खाऊन टाकतो आणि उजळलेल्या जागेवरून कथील पाऱ्यासारखं पळतं.

त्यानंतर वडिलांचा नियम सुरू व्हायचा. एकदा डाग बसला की गडूला पाणी लावायचं नाही. "आत ती आहे. तिच्या अंगावर दुसरं पाणी ओतणारे आपण कोण?" गडू जुन्या रेशमी कदाच्या, सोवळ्याच्या वस्त्राच्या, कोरड्या तुकड्याने पुसायचा आणि द्यायचा. बाजारातले लोक डाग दिला की गडू सरळ बादलीत बुडवतात. बिंदुमाधवांना ते पाहवत नसे.

कार्तिकात त्यांची थोरली बहीण इंदूताई मिरजेहून आली. पहिले दोन दिवस तिने देवळं केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजा घाटाच्या सीढ्यांवर बसली असताना, समोरची नाव जाईपर्यंत थांबून म्हणाली, "बिंदू, तुझा गडू रिकामा होता."

"कुठला?"

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा दिलेला नव्हे, नंतरचा. ह्यांच्या शेवटच्या वेळी काढला. आमच्या अनिमेषने झाकण फोडलं. सांध्याला हिरवं हिरवं, आणि आत टिपूससुद्धा नाही."

बिंदुमाधवांनी विचारलं, "मग भावोजींना काय घातलंस?"

"नळाचं. वर तुळशीचं पान ठेवलं. ह्यांनी विचारलं, गंगा का? मी म्हटलं, हो."

"त्यांना कळलं?"

"इतिहासाचे मास्तर होते. पोरांची खोटी कारणं ऐकण्यात आयुष्य गेलेलं. कळलं असणार. पण प्याले." ती जरा हसली. "शेजारच्या बाईंकडे इथल्या ठठेरी बाजारातला गडू आहे. बादलीत बुडवलेला. तो अजून भरलेला. आणि माझ्या सोवळ्या भावाचा खडखडीत!"

बिंदुमाधव सीढीवरचं शेवाळ नखाने खरवडू लागले.

"मला एक करून दे. माझ्यासाठी. आता पुन्हा काशी होणार नाही, गुडघे नाही म्हणतात. पण मला नळाचं नको, बिंदू. तेवढं बघ."

त्या दिवसापासून बिंदुमाधवांना जागेपणीही गडू दिसू लागले. वाई, सातारा, नागपूर, कुठली कुठली देवघरं. काळोखात, फडक्यात गुंडाळलेले गडू. प्रत्येकाच्या आत एक छोटी नदी भिंतीला हात लावत फिरते आहे, वाट चाचपते आहे. एके दिवशी तिला ती सापडते. बाहेर घंटा वाजते, दिवा लागतो, माणसं नमस्कार करतात, आणि आत फक्त हवा असते. गळ्याशी ठेवलेली ती चिमूटभर हवा हळूहळू तळापर्यंत उतरलेली.

त्यांची मुलगी मुक्ता मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. रविवारी ती घरी होती. आत्याची गोष्ट तिने ऐकली आणि म्हणाली, "बाबा, तो बादलीत बुडवतो ना, सगळी गंमत तिथेच आहे."

"कसली गंमत?"

"थांबा, दाखवते. संकठादेवीचं फूल कुठंय?"

देवळातून आलेली जास्वंद तिने कागदावर चुरडली. कागद जांभळट निळा झाला. मग कोनाड्यातल्या एका बंद गडूच्या सांध्यावरून तिने ओला कापूस फिरवला. बिंदुमाधवांचा हात आपोआप पुढे आला आणि मध्येच थांबला. कापूस कागदावर टेकला. तिथे गुलाबी डाग उमटला.

"आंबट," मुक्ता म्हणाली. "लिंबू लावलंत तर आणखी लाल होईल. हा तुमचा नवसागर."

"नवसागर तर क्षार आहे. आंबट कसा?"

"कोरडा असतो तोवर गप असतो. पाण्यात पडला की सुटतो. त्याचे दोन भाग वेगळे होऊन पाण्यात फिरायला लागतात. त्यातला एक पाण्याशी असा वागतो की पाणीच आंबट होतं. हर नमक एकसारखा नसतो, बाबा. खायचं मीठ विरघळलं तरी पाणी साधंच राहतं. याच्याने नाही राहत."

"पण मी पाणी लावतच नाही!"

"तुम्ही नाही. हवा लावते. श्रावणात आपल्या भिंती घामेजतात की नाही? सांध्यात उरलेला नवसागर ती ओल ओढून घेतो आणि वर्षानुवर्षं बसून तांबं खातो. ते हिरवं म्हणजे तांब्याचंच मीठ. बादलीवाल्याचा नवसागर बादलीत जातो. तुमचा गडूवरच राहतो."

इंदूताई माजघरातून म्हणाली, "म्हणजे बाबांनी सोवळं शिकवलं ते गडूला बाधलं."

"आत्या!" मुक्ता हसू दाबत म्हणाली. "सोड्याच्या पाण्याने धुऊ या. नुसत्या पाण्यापेक्षा पक्कं काम होईल."

"कपड्याचा सोडा? गंगेच्या अंगाला?" बिंदुमाधव उठून खिडकीशी गेले. गल्ली खाली अरुंद, पाण्याच्या रेघेसारखी. शेजारच्या श्रीरामशास्त्र्यांच्या घरातून होमाचा धूर येत होता. त्यांच्याकडचं भस्म बिंदुमाधव रोज कपाळाला लावत. देवाची उपकरणीही राखेनेच घासली जात. अंगणात राख होती, कपाळावर राख होती, पलीकडच्या स्मशानघाटावर तर तिला अंतच नव्हता.

ते मान न वळवता म्हणाले, "भस्म चालेल?"

मुक्ताने डोळे मोठे केले. "चालेल काय, बढिया! राख पाण्यात ढवळली की तो खारच, आंबटाच्या उलट." तिने लगेच राखेच्या पाण्याचा थेंब कागदावर टाकला. जांभळा रंग हिरवट होत गेला, शेवाळ्यासारखा. "बघा. आंबट आणि खार एकमेकांना भेटले की दोघंही स्वतःचे राहत नाहीत. मागे राहतं पाणी आणि एक मीठ."

"खायचं?"

"त्याचा चुलत भाऊ. त्यालाही धुऊन काढायचं, नाहीतर तोही तांब्याला छळेल."

"कुठल्या पाण्याने?" बिंदुमाधवांनी विचारलं. त्यांच्या आवाजात वडिलांचा आवाज मिसळलेला होता. "दुसरं पाणी नाही."

"मग दुसरं नको घेऊस," इंदूताई म्हणाली. "नदी इथेच आहे ना?"

नवा गडू त्यांनी सकाळी भरला. इंदूताई बाजूला पाटावर बसली होती. कथील पळालं, थिजलं. मग त्यांनी श्रीरामशास्त्र्यांकडून आणलेल्या भस्मात गंगेचंच पाणी घालून लगदा केला आणि अंगठ्याने सांध्यावर चोळायला लागले. जन्मात पहिल्यांदा ते बंद गडू ओला करत होते.

एकदम तिखट वास उठला. नवसागरातला एक भाग राखेने पळवून लावला, तो हवेत निघाला, असं मुक्ताने नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त त्यांचे डोळे भरून आले आणि गालावरून पाणी वाहू लागलं.

"रडतोस?" इंदूताईने विचारलं.

"नवसागर आहे."

"बरं." तिने पदराने डोळे टिपले. "मग मलाही नवसागरच लागला असेल."

गडू घेऊन ते राजा घाटावर उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी तो बुडवला. आत गंगा, बाहेर गंगा, मध्ये नखाएवढं तांबं. पुन्हा बुडवला. पुन्हा. सकाळचं धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. क्षणभर त्यांना वाटलं, हात सोडला तर गडूला आपण कुठल्या बाजूला आहोत हे कळणार नाही. त्यांनी हात सोडला नाही. मुक्ताने सीढीवर बसून सांध्यावरचा शेवटचा थेंब कागदावर टिपला. रंग होता तसाच राहिला. जास्वंदीला काही सांगायचं नव्हतं.

अनिमेषने आईसाठी विमानाचं तिकीट काढलं होतं. "तिथे म्हणे पाणी उघडून दाखवा म्हणतात," असं म्हणून इंदूताईने ते रद्द करायला लावलं आणि गाडीने गेली. गडू मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला, जावळ काढायला नेलेल्या बाळासारखा.

त्यानंतर बिंदुमाधव प्रत्येक गडू भस्माने धुऊ लागले, नदीत बुडवू लागले. येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते सांगत, घरी जुना गडू असेल तर कानाशी धरून हलवा. काहींनी हलवले. मुके निघाले ते परत आले. पुन्हा भरले गेले.

इंदूताईचा फोन सणासुदीला येई. गुडघे, सून, पाऊस, सगळं बोलून झालं की म्हणे, "ऐक." मग खरखर, आणि मग फोनमधून, मिरजेच्या देवघरातून, गळ्याशी ठेवलेल्या त्या हवेत पाण्याचा डुबुक आवाज. बिंदुमाधव डोळे मिटून ऐकत. फोन ठेवायचा कुणी हे दोघांनाही सुचत नसे.

पुढच्या एका माघात फोन अनिमेषचा आला. बिंदुमाधव सीढ्यांवर होते. त्यांना कळलं. कधी, कसं, हे विचारायला हवं होतं. त्यांच्या तोंडून निघालं, "होतं का रे?"

"होतं, मामा. गळ्यापर्यंत." त्याचा आवाज ओला होता. "आईने विचारलं, नळाचं का? मी म्हटलं, नाही. म्हणाली, ऐकव मला. मग झाकण फोडायच्या आधी कानाशी धरून हलवला."

खाली नदीत कुणीतरी घागर बुडवत होतं. ती भरेपर्यंत बिंदुमाधव ऐकत राहिले.