पडद्याकडे पाठ करून बसणारी

थिएटरातली बॅटरीवाली मावशी तरुण होती, तेव्हा तिकिटाच्या खिडकीशी झालेलं एक भांडण तिच्या कानावर पडलं. एक बाई मालकाला सांगत होती, तुमचा सिनेमा पाहून माझं पोर तीन रात्री झोपलेलं नाही. मालक सर्टिफिकेटवर बोट आपटत होता, लहानथोर सगळ्यांनी पाहावा असं लिहिलंय म्हणून. बाई शेवटी म्हणाली, "कागदाला कुठं पोरं असतात!" आणि तरातरा निघून गेली. मालक हसला. मावशीला मात्र ते वाक्य नव्या चपलेसारखं चावत राहिलं.

अक्षरओळख तिची बेताचीच. कागद काय वाचणार? तिनं आपली रीत काढली. शुक्रवारी सकाळी नव्या सिनेमाचा पहिला खेळ लागला, की बॅटरीच्या उजेडात लोकांना खुर्च्या दाखवून ती पडद्याखालच्या पायरीवर बसायची, पडद्याकडे पाठ करून. पडद्यावरचं कानांवर यायचं, आणि समोर पोरांचे चेहरे. मावशी सिनेमा वाचायची तो तिथं. हवेत उडणाऱ्या वीरानं दहा इमारती पाडल्या तरी पोरं खिदळतात, पण पडद्यावरची आई दार ओढून निघून गेली की अख्खी रांग आपापल्या आईच्या दंडाला चिकटते, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं.

दुपारी घरी जाताना ती पाच-सहा दारांशी थांबून निकाल द्यायची. मोठीला ने, धाकट्याला नको. किंवा, मध्यंतरानंतर साप निघतो, तेवढ्यात त्याला पाणी पाजायला बाहेर काढ. तीस वर्षांत कुणी तिचा शब्द खाली पडू दिला नाही.

मग तो निळ्या पंखांच्या वीराचा सिनेमा लागायचा झाला. गल्लीतल्या शिंपीणबाईची सात वर्षांची पोर हट्टाला पेटली. तिचा बाप रंगारी, आदल्या वर्षीच उंच पायाडावरून पडून गेला होता. आणि जाहिरातीत तर वीर मनोऱ्यावरून पडताना दाखवलेला. शिंपीण म्हणाली, "मावशी, तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

त्या शुक्रवारी मावशी चेहरे वाचत असताना एकाएकी सगळी पोरं चिडीचूप झाली. मावशीनं तीस वर्षांत पहिल्यांदा मान वळवली. केवढं ते आभाळ, आणि त्यातून एवढासा माणूस खाली येत होता. मग तो उठला. टाळ्यांनी छप्पर हाललं, आणि मावशीला शिंपिणीची पोर आठवली. पडणं त्या पोरीला ठाऊक होतं. उठणं तिनं पाहिलं नव्हतं.

शिंपिणीच्या मशीनशी बसून तिनं सगळं सांगितलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, मला नाही बाई कळत. पोर दाराआडून ऐकत होती. पुढं येऊन तिनं विचारलं, पडल्यावर किती वेळानं उठतो? थोड्या वेळानं, मावशी म्हणाली. मग तेवढा वेळ मी तुमच्याजवळ बसेन, पोरीनं परस्पर ठरवून टाकलं. आईनं मान डोलावली.

रविवारी पोर पायरीवर पडद्याकडे तोंड करून बसली, आणि मावशी तिच्याकडे. वीर पडला. पोरीनं मावशीचं बोट घट्ट धरलं. वीर उठला. सगळं थिएटर दणाणलं. मग पोर मावशीच्या कानाशी येऊन म्हणाली,

"हा गोष्टीतला आहे, म्हणून उठला. बाबा खरे होते."

आणि बोट सोडून तीही टाळ्या वाजवू लागली. मावशी बघतच राहिली. टीचभर पोर, पण त्या छातीत केवढी जागा! तीस वर्षं ती चेहरे वाचत आली होती. हा तिला वाचता आला नव्हता.

तेव्हापासून निकाल दिल्यावर ती एक शेपूट जोडायची, पोरालाही एकदा विचार हो.

असं चारेक वर्षं चाललं असेल. मावशीच्या वाट्याला आलेला शेवटचा शुक्रवार, तोही नेहमीसारखाच गेला. पाच दारं झाल्यावर ती गुडघ्यावर हात ठेवत शिंपिणीच्या उंबऱ्याशी टेकली. सिनेमा भुताचा आहे, म्हणाली, धाकट्यांना नको. तुझ्या लेकीला सांग, मलाच जरा भ्यायला झालं. तांब्याभर पाणी प्याली, बॅटरी एकदा लावून पाहिली, विझवली आणि घराकडे निघाली.