मॅचिंग सेंटरमधला माकूल

महाद्वार रोडला सासऱ्यांचं मॅचिंग सेंटर आहे. साडी आणा, त्याच रंगाचं ब्लाउजचं कापड घेऊन जा, असा धंदा. त्या दुकानात अकरा वर्षं उभा असलेल्या मला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक जावयाला, हिरवा आणि चॉकलेटी यांतला फरक कळत नाही. डोळ्यांतला जन्माचा दोष. हे फक्त बायकोला आणि मुलीला ठाऊक होतं.

मी निभावत होतो ते पाठांतरावर. तिसरी फळी, डावीकडून चौथा ताका म्हणजे बाटली हिरवा. शंका आलीच तर गोड आवाजात विचारायचं, "वहिनी, ह्या रंगाला तुमच्याकडं काय म्हणतात?" बायका हौसेनं सांगायच्या.

मागल्या दिवाळीआधी सासऱ्यांनी जाहीर केलं की पाडव्यापासून काउंटर माझा, ते कागलच्या शेतीकडं बघणार. नेमकं त्याच आठवड्यात फळ्यांना वाळवी लागलेली सापडली. फळ्या नव्या आल्या, ताके नव्यानं लागले, आणि माझी अकरा वर्षांची विद्या एका दुपारीत गेली.

घरी तोंड पाडून बसलो होतो, तर बारावीतल्या मुलीनं मोबाईल पुढं धरला. "बाबा, हा बघा तुमचा भाऊबंद."

समुद्रातला माकूल होता. पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला आपण समुद्रफेस देतो ना, तो ज्याच्या पाठीतून निघतो तो प्राणी. वाळूवर बसला की वाळूसारखा, खड्यांत बसला की ठिपक्याठिपक्यांचा. मोठे पांढरे दगड दिसले की पाठीवर पांढरा चौकोन काढतो, म्हणजे बघणाऱ्याला अंगाची कडाच सापडत नाही. आणि ह्या पठ्ठ्याला रंग दिसत नाहीत. उजेड किती, अंधार किती, कडा कुठं, ठिपका केवढा, एवढं डोळ्यांनी मोजायचं आणि कातडीला कळवायचं. मला एकदम गुरू भेटला.

दुसऱ्या दिवशी एक बाई मुलाच्या लग्नात नेसायची साडी घेऊन आल्या. मी नेहमीचा प्रश्न टाकला.

"काय म्हणायचं त्यात? दिसतोय की," त्या म्हणाल्या.

मग मी माकूल झालो. डोळे बारीक केले. गडदपणा जुळला, सुताची जाडी जुळली, झळाळीसुद्धा जुळली. मीटरभर मापलं आणि टर्रकन फाडलं.

"अवो पावणं, ह्ये काय फाडलासा?" बाई म्हणाल्या. "हिरव्या साडीवर चॉकलेटी? वरमाय चिखलातनं आली म्हणतील की लोक."

खोल पाण्यात चॉकलेटीतला तांबडा रंग आपोआप विरतो, तिथं माकूलचं भागतं. आमच्या दुकानात सहा ट्यूबलाइट आहेत, हे मी विसरलो होतो.

सासरे उठून आले. आता लपायला दगडही नव्हता. मी सगळं सांगितलं, अगदी माकूलसकट. सासऱ्यांनी फाडलेल्या कापडाची घडी घातली, ती उलगडली, परत घातली.

"त्या माकूलला बायको असती का?"

"असते की, मामा."

"तिला दिसत्यात रंग?"

"नाही. तीपण तसलीच."

"तुमच्या बायकूला दिसत्यात न्हवं?" असं म्हणून त्यांनी तिथंच लेकीला फोन लावला. "पाडव्यापासनं काउंटरला तू बसायचंस. पावणं कापड काढून देतील."

बाई ऐकत होत्या. हिरवं कापड पसंत करून त्या मला म्हणाल्या, "ह्याची झळाळी जमती का बघा बरं. त्यात तुमी हुशार दिसतासा." मी बघितलं. जमत नव्हती, तसं सांगितलं. सासऱ्यांनी दुसरा ताका उजेडात नेला, साडी शेजारी धरली, आणि पहिला परत फळीवर ठेवला.

पाडव्यापासून बायको काउंटरवर बसते. रंग ती सांगते, पोत मी बघतो.

"जुळलाय की रंग. द्या फाडून," ती म्हणते.

"सूत जाड आहे," मी म्हणतो.

गिऱ्हाईक दोघांकडं आळीपाळीनं बघतं, आणि बायको पुटपुटत पुढचा ताका मागते.