व्याह्यांच्या बंदुकीची वाकडी काडी

माझे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, रेजिना शहरापासून तासाभरावर शेतावर राहतात. गोरे, सहा फुटी, मोजकं बोलणारे. मुलीच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी त्यांच्यासमोर पाय लांब करून बसत नाही. मुलगी हसते. व्याह्यांचा मान ही काय चीज असते हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नाही, पण आमच्या घरात मुलीच्या बापानं मुलीच्या सासऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, त्यांचं उणं काढायचं नाही. चाळीस वर्षं कॅनडात राहून माझी थंडीची भीती गेली, ही भीड मात्र गेली नाही.

मागच्या सप्टेंबरात कापणी उरकल्यावर त्यांनी मला गराजमध्ये बोलावलं. टेबलावर त्यांच्या वडलांची जुनी लिव्हरवाली बंदूक होती. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर केली की पुढची गोळी भरली जाते, तसली. दर नोव्हेंबरात ते तिनं एक हरीण मारतात आणि हिवाळाभर ते मांस पुरवून खातात. मी शाकाहारी, बंदुकीला हात लावायचा तर आधी पँटला पुसणारा माणूस.

"तू इंजिनिअर आहेस," ते इंग्रजीत म्हणाले. "ही साइट बघ. पुढची काडी वाकली आहे."

या बंदुकीवर नेम धरायला मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक उभी काडी. खाचेत काडी, काडीवर हरीण, एवढाच हिशेब. मी काडीला गुण्या लावला, भिंगातून पाहिली. सुतासारखी सरळ होती. पण व्याही वाकडी म्हणतायत. मी म्हणालो, "असेल थोडी," आणि नवी काडी मागवली.

नवीही त्यांच्या मते वाकडीच निघाली. मग मी पेटलो. चार संध्याकाळी वाचत बसलो. दुर्बीण लावावी, तर या जुन्या बंदुकीतून रिकामं काडतूस वरच्या बाजूनं उडतं आणि दुर्बीण नेमकी आडवी येते. शिवाय वडलांच्या बंदुकीवर असलं काही चढवायला व्याही तयार नव्हते. शेवटी मागची खाच काढून तिथे बारीक भोकाची साइट बसवायचं ठरवलं. म्हाताऱ्या डोळ्यांना ती सोपी जाते, असं सगळीकडे लिहिलं होतं. बसवताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

व्याह्यांनी दस्त्याला गाल टेकला, डावा डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिलं. "भोक झकास आहे," ते म्हणाले. "पण काडी मध्येच वाकते." मग डावा डोळा तसाच मिटलेला ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं. "ही चौकटही वाकली. जमीन खचतेय बहुतेक."

आमच्या फ्रिजवर डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेला चौकड्यांचा कागद आहे. एकेक डोळा झाकून रोज बघायचा, आणि रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तोंडानं कुणाजवळ कबूल केलेलं नाही. बायकोची गोष्ट वेगळी.

तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग सांगा ना त्यांना!"

"व्याह्यांना म्हणू, तुमच्या डोळ्यांत दोष आहे?"

"मग लेकीला सांगा. ती अपॉइंटमेंट बुक करेल."

"म्हणजे त्यांच्याच घरात त्यांचं उणं काढू?"

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ती म्हणाली आणि उठून गेली. मी मात्र तिसरी काडी मागवली, जाड, टोकाला पांढरा मणी असलेली. ती यायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. नंबर लावायला मन धजत नव्हतं.

काडी आली त्याच आठवड्यात मुलीनं सासऱ्यांना कपाशेजारी कॉफी ओतताना पाहिलं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त साकळलं होतं. सुरुवातीलाच इंजेक्शनं मिळाली असती तर बरीच नजर राहिली असती, आता मधला भाग गेला, असं डॉक्टर म्हणाले. डावा शाबूत आहे.

मुलीनं मला फोन केला. "बाबा, तुमच्या फ्रिजवर तो ग्रिड आहे ना? डिड यू नो?"

"नाही गं," मी म्हणालो.

रविवारी भेटायला गेलो. व्याही खिडकीपाशी बसले होते. मी नीट दिसावा म्हणून त्यांनी मान थोडी वळवली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. सुनेला, म्हणजे माझ्याच मुलीला, ते म्हणाले, "तुझ्या वडलांनी माझ्यासाठी जेवढी धडपड केली, तेवढी माझ्या सख्ख्या भावानंही केली नसती." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. माझी मान खाली गेली.

"आता डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकतो," ते म्हणाले. "त्याला कुठली साइट बरी, ते तूच ठरव. माझा तुझ्यावर भरवसा आहे."

आणि मी हो म्हणालो.